अंतराला चाळीस टक्के

पुरुषोत्तम खांबेट्यांच्या घरात आजवर एकही मोठा निर्णय स्प्रेडशीटशिवाय झाला नव्हता. फ्रिज आला तो स्प्रेडशीटमधून. गाडी आली तीही त्यातूनच, आणि म्हणूनच ती मातकट रंगाची आली, कारण रंगाला पुरुषोत्तमरावांनी शंभरातले फक्त दोन टक्के दिले होते. शोभाताईंच्या गुडघ्यासाठी सर्जन निवडायचा होता तेव्हा तर सतरा रकान्यांचा तक्ता झाला. तो अकराव्या रकान्यापर्यंत आला तोवर शोभाताई शेजारणीने सांगितलेल्या डॉक्टरकडे जाऊन गुडघा बदलून घरी आल्या होत्या आणि वॉकर धरून स्वयंपाकघरात फोडणी करत होत्या. तरीही पुरुषोत्तमरावांनी तक्ता पूर्ण केला. अर्धवट सोडलेलं काम त्यांना झोपू देत नसे.

त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी वल्लरीने जेवता जेवता सहज म्हणून सांगितलं, "बाबा, मी मास्टर्स करायचं म्हणतेय. समर प्रोग्रॅम, थिएटर टीचर्ससाठी," तेव्हा शोभाताईंनी आधी आमटीचं पातेलं झाकलं. ताटावरून उठून हा माणूस आता लॅपटॉप आणायला जाणार, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. तो गेलाच.

वल्लरी त्यांची एकुलती एक. तेहेतीस वर्षांची, जन्म इथला अमेरिकेतलाच, आईवडिलांच्या अ‍ॅशबर्नपासून वीस मिनिटांवरच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये नाटक शिकवायची. मुलगी नाटक शिकवते ही गोष्ट पचायला पुरुषोत्तमरावांना पहिली काही वर्षं जड गेली होती. आजूबाजूला सगळ्यांची मुलं डेटा सेंटरमध्ये नाही तर हॉस्पिटलात. कोणी विचारलं की ते घाईघाईने "टीचर आहे" एवढंच सांगत. मग एकदा तिच्या शाळेचं नाटक बघायला गेले, तिथे साठ पोरं तिच्या एका बोटावर हलताना पाहिली. त्यानंतर मात्र "नाटक शिकवते" असं आपणहून सांगायचे, आणि पुढे "परमनंट आहे" हेही जोडायचे.

"हे समर म्हणजे काय भानगड आहे?" त्यांनी लॅपटॉप उघडत विचारलं.

"अरे, वर्षभर आम्हाला शाळा असते ना. म्हणून तीन उन्हाळे. दर उन्हाळ्यात जायचं, शिकायचं, मधल्या वर्षात स्वतःच्या शाळेत प्रोजेक्ट करायचा. तीन वर्षांत डिग्री. आमची डिपार्टमेंट हेड रिटायर होतेय, तिच्या जागेसाठी मास्टर्स लागतं. आणि..." वल्लरी ताटातल्या भाताचा ढीग सारखा करत म्हणाली, "आणि मला शिकायचंय, यार. दहा वर्षं नुसती शिकवतेय. देण्यासारखं संपत आलंय."

हे शेवटचं वाक्य शोभाताईंनी ऐकलं. पुरुषोत्तमराव तोवर पहिल्या रकान्यात 'रँकिंग' असं लिहून मोकळे झाले होते.

आठवडाभरात तक्ता सजला. वल्लरीने तीन ठिकाणं शोधली होती. एक टेक्ससमधलं, जिथे उन्हाळ्यात रस्त्यावर पापड भाजता येतील. एक इथलंच, व्हर्जिनियातलं, गाडीने दोन तासांवर: जवळजवळ सगळं ऑनलाइन, फक्त ऑगस्टमध्ये एक आठवडा जायचं. आणि तिसरं ओरेगॉनमधलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या एका छोट्या गावात. तिथे सहा आठवडे राहायचं. शिक्षकांनीच सेट ठोकायचे, शिक्षकांनीच कामं करायची, शिक्षकांनीच एकमेकांना दिग्दर्शित करायचं. त्या कॉलेजच्या पानावर एक फोटो होता: पन्नाशीचा एक मास्तर शिडीवर उभा, हातात ड्रिल, अंगभर रंग, आणि चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. वल्लरीने तो फोटो आईला तीन वेळा दाखवला. शोभाताईंनी तीन हा आकडा लक्षात ठेवला.

पुरुषोत्तमरावांच्या हिशेबाने मात्र व्हर्जिनियाचा कोर्स पहिला येत होता, आणि थोडाथोडका नाही, चांगला दणदणीत. शोभाताईंनी चष्मा लावून तक्त्यात डोकं घातलं.

"अहो, हे काय? अंतराला चाळीस टक्के?"

"प्रॅक्टिकल मुद्दा आहे तो."

"मुलगी शिकायला चाललीये की दूध आणायला?"

पुरुषोत्तमराव लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी-जास्त करू लागले. उत्तर नसलं की ते असं काहीतरी हाताशी धरत.

उत्तर होतं खरं, पण ते रकान्यात बसणारं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाचं उन्हाळी नाट्यशिबिर हे ते उत्तर. अकरा वर्षांपूर्वी वल्लरीने ते सुरू केलं होतं. जूनच्या अखेरीपासून सहा आठवडे, रोज सकाळी, भाड्याने घेतलेल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आठ ते चौदा वर्षांची पंधरा-वीस मराठी मुलं जमायची आणि शेवटच्या शनिवारी मराठी नाटक करायची. नारळ हॉलमध्ये फोडायला परवानगी नव्हती, म्हणून तो पार्किंग लॉटच्या कठड्यावर फुटायचा आणि प्रसाद गाडीच्या बॉनेटवर वाटला जायचा. मुलं घरी इंग्रजीत बोलायची, इंग्रजीत भांडायची. त्यांच्यासाठी मराठी संवाद रोमन लिपीत, वीस पॉइंटच्या ठसठशीत टायपात काढून देणं हे पुरुषोत्तमरावांचं काम. आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत पुस्तक घेऊन बसणं, हे त्यांचं खरं काम. पुरुषोत्तमराव प्रॉम्प्टर होते.

नुसते प्रॉम्प्टर नव्हते, जातिवंत होते. त्याचं शास्त्र त्यांनी बांधलं होतं आणि ते मंडळात जो सापडेल त्याला ऐकवत. कलाकार थांबला की आधी त्याच्याकडे बघायचं, पुस्तकाकडे नाही. डोळे जागेवर असतील तर तो पॉज आहे, आपण तोंड मिटून बसायचं. डोळे भटकायला लागले की ओळ गेली. मग पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच. तिसरा शब्द त्याचा. तिसरा शब्दही दिला तर तुम्ही प्रॉम्प्टर नाही, लाउडस्पीकर आहात.

स्टेजवर मात्र ते पाऊल टाकत नसत. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा टाकलं होतं. पोस्टमनची भूमिका, एकच वाक्य: "साहेब, तार आलीये!" परगावी शिकायला गेलेल्या मुलीच्या तारेची वाट बघणारा बाप खुर्चीत बसलेला, तारेत लिहिलेलं, 'सुखरूप पोचले, काळजी नसावी', आणि त्यावर अख्खा तिसरा अंक उभा. पुरुषोत्तम आत आला, त्याने समोर पाचशे डोकी पाहिली, त्याची पाचावर धारण बसली, आणि तो तारेसकट आल्या पावली परत गेला. बाप झालेल्या पोराने बिचाऱ्याने "आज टपालवाला घाईत दिसतोय" म्हणून वेळ मारून नेली. त्या मुलीचं काय झालं हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून पुरुषोत्तम विंगेत. वल्लरीने ही गोष्ट लहानपणी तारेच्या मजकुरासकट शंभरदा ऐकलेली.

आणि खरं सांगायचं तर चाळीस टक्के शिबिरासाठीही नव्हते. ते होते साडेदहाच्या सुट्टीसाठी. त्या अर्ध्या तासात बाप-लेक हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसत, एका डब्यातले दडपे पोहे खात, आणि कोणता मुलगा मनापासून रडतो, कोणती मुलगी संवादापेक्षा गप्प बसून जास्त सांगते, असलं काहीतरी बोलत. वर्षाचे बाकीचे महिने त्यांचं बोलणं हवा, गाडीचं ऑइल आणि टॅक्सचा फॉर्म यांवर पाच मिनिटांत संपायचं. त्या पायऱ्यांवर ते संपतच नसे. वल्लरी तीन उन्हाळे ओरेगॉनला गेली तर शिबिर बंद पडणार, कारण ते चालवायला दुसरं कोणी नव्हतं, आणि शिबिर बंद म्हणजे पायऱ्या बंद. पुरुषोत्तमराव या विचाराने मनातून पार हादरले होते. पण हे मुलीला सांगायचं कसं? त्यापेक्षा रकान्यात चाळीस लिहिणं सोपं.

फेब्रुवारीत त्यांनी हद्द केली. ओरेगॉनच्या लोकांनी इच्छुकांसाठी झूमवर माहितीची बैठक ठेवली होती. पुरुषोत्तमरावांनी त्यात गुपचूप नाव नोंदवलं. सदतीस शिक्षकांच्या चौकटी उघडल्या, कोणाच्या मागे शाळेचा रंगमंच, कोणाच्या मागे मुखवटे, आणि अडतिसाव्या चौकटीत एक गंभीर गृहस्थ, मागे देवघर, खाली नाव: 'पुरुषोत्तम खांबेटे, फादर'.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा त्यांनी पहिला हात वर केला. कॅम्पस प्लेसमेंट किती टक्के, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या विभागाच्या प्रमुख, मॅरिऑन नावाच्या पिकल्या केसांच्या प्राध्यापिका, शांतपणे म्हणाल्या की आमच्याकडे येणारे सगळे आधीच नोकरीत असतात. दुसरा प्रश्न, मेसमध्ये शाकाहारी जेवण मिळतं का. मिळतं. तिसरा, उन्हाळ्यात तिकडे जंगलं पेटतात, धुराचं काय. यावर मॅरिऑनबाईंनी प्रामाणिकपणे मान हलवली आणि कधी कधी धूर येतो खरा, असं सांगितलं. पुरुषोत्तमरावांनी तिथल्या तिथे 'धूर' असा नवा रकाना काढला आणि त्याला दहा टक्के देऊन टाकले.

बैठक संपली आणि लगेच फोन वाजला.

"बाबा." वल्लरीचा आवाज अगदी खालच्या पट्टीत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तू तिथे काय करत होतास?"

"तू होतीस बैठकीत?"

"मी होते बैठकीत, कॅमेरा बंद ठेवून! अप्लाय मी करतेय! आणि तू सगळ्यांसमोर मेसबद्दल विचारलंस. मी थर्टी-थ्री आहे, बाबा!"

"डेटा गोळा करत होतो, बेटा."

मग ती हसायला लागली आणि हसता हसता म्हणाली, "लेट इट गो. नाहीतरी मी व्हर्जिनियाचंच घेईन असं वाटतंय. सोपं पडेल. समर कॅम्पपण राहील. ओरेगॉनचा इंटरव्ह्यू ठरलाय तेवढा देऊन टाकते, आता नाही म्हणणं बरं दिसत नाही."

फोन ठेवल्यावर पुरुषोत्तमरावांना आनंद झाला. आणि आनंद झाला याची लाजही वाटली, ती जरा जास्तच. त्यांनी शोभाताईंना बातमी दिली. शोभाताई चहात आलं किसत होत्या.

"सोपं पडेल म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आपल्या मुलीने सोपं म्हणून आजवर काय घेतलंय हो? इंजिनिअरिंग सोडून नाटक घेतलं, ते सोपं म्हणून?" आणि किसणी आपटून त्यांनी चहा पुढे सरकवला. त्या दिवशीचा चहा फारच झणझणीत झाला होता.

इंटरव्ह्यू मार्चमधल्या एका गुरुवारी होता, दुपारी चार वाजता. वल्लरीच्या टाउनहाउसशेजारी छप्पर बदलायचं काम चालू होतं, दिवसभर ठाकठूक, म्हणून ती आईवडिलांकडे आली. पुरुषोत्तमरावांच्या जुन्या ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप लावला. खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. साठ मुलांना नाचवणारी ही बाई स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली की अगदी कोरडी पडायची. ते बापाकडून आलेलं होतं.

"बाबा, तू इथे बस ना. कॅमेऱ्याच्या बाहेर. विंगेत." तिने हातातले कागद पुढे केले. "माझे पॉइंट्स आहेत. अडकले तर दोन शब्द दे. आणि मेसबद्दल एक अक्षर नाही."

पुरुषोत्तमरावांनी छातीवर हात ठेवून वचन दिलं. मग कागद बघून नाक मुरडलं, आत जाऊन सगळे मुद्दे वीस पॉइंटात पुन्हा छापून आणले आणि टेबलाच्या बाजूला स्टूल घेऊन बसले. शोभाताईंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. "मला कोण बघणार आहे?" असं ते म्हणाले, पण घातला. खाली मात्र घरातली चौकड्यांची हाफ पँट तशीच राहिली.

मॅरिऑनबाई पडद्यावर आल्या. सुरुवात छान झाली. वल्लरी शाळेबद्दल बोलली, बसवलेल्या नाटकांबद्दल बोलली. दोनदा अडखळली, पण डोळे जागेवर होते. पॉज आहे हे ओळखून पुरुषोत्तमराव गप्प बसले आणि दोन्ही वेळा ती आपली आपण पुढे गेली. त्यांना वाटलं, पोरगी काय बोलतेय! देण्यासारखं संपत आलंय म्हणे. दहा वर्षं नुसती देतेय म्हणून रिकामं वाटतंय तिला, एवढंच. हे त्या रविवारी जेवताना आपल्या कानावर पडलं होतं, आणि आपण रँकिंग लिहीत बसलो होतो.

तेवढ्यात मॅरिऑनबाईंनी चष्मा काढला.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला प्रवेश दिला होता. तुम्ही नकार कळवलात. तेव्हा लिहिलं होतं की उन्हाळ्यात तुम्ही एक शिबिर चालवता आणि ते चालवायला दुसरं कोणी नाही. मला ते पत्र आठवतं, कारण फार वाईट वाटलं होतं. आता काय बदललंय?"

पुरुषोत्तमरावांच्या हातातले कागद खाली आले. दोन वर्षांपूर्वी? या मुलीने दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, तिला घेतलं होतं, आणि तिने नाही म्हणून कळवलं होतं? घरात एका शब्दाने बोलली नव्हती. त्याच जूनमध्ये पायऱ्यांवर बसून ती त्यांच्याबरोबर पोहे खात होती, आणि त्यांनी तिला विचारलं होतं की यंदा मीठ जरा कमी आहे का.

वल्लरी थांबली होती.

पुरुषोत्तमरावांनी सवयीने आधी तिच्याकडे पाहिलं. डोळे लॅपटॉपवरून खिडकीकडे गेले, खिडकीवरून टेबलावर आले. टेबलाखाली तिचा अंगठा करंगळीवर घासला जात होता. लहानपणी शाळेत कविता विसरली की ती अशीच अंगठा घासायची. हा पॉज नव्हता. ओळ गेली होती.

आणि कागदावर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिच्या मुद्द्यांत नव्हतं, कारण तिच्याकडेच ते नव्हतं. काहीच बदललेलं नव्हतं. प्रॉम्प्टरने गप्प बसायचं ठरवलं असतं तर सगळं आपोआप त्याच्या मनासारखं झालं असतं. ती "काही नाही" म्हणाली असती, बाईंनी हळहळून मान हलवली असती, व्हर्जिनिया पहिला आला असता, पायऱ्या राहिल्या असत्या. कोणी म्हणू शकलं नसतं की पुरुषोत्तमने काही केलं. चाळीस टक्के देण्याचीही गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं होतं.

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी संहितेबाहेरचा शब्द कधी दिला नव्हता. त्यांनी मान जराशी पुढे केली आणि कुजबुजले,

"बाबा बघेल."

दोनच शब्द. वल्लरीने मान वळवली नाही, विंगेकडे बघायचं नसतं हे तिला चांगलं माहीत होतं. पण तिचा अंगठा थांबला. डोळे भरून आले, आणि ती इंग्रजीत, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "बदललंय ते हे, की या वर्षीपासून शिबिर माझे वडील चालवणार आहेत."

पलीकडे मॅरिऑनबाई हसल्या. "मला आत्ता कोणीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं."

"माझा प्रॉम्प्टर आहे," वल्लरी म्हणाली.

"तीस वर्षं मुलाखती घेतेय, प्रॉम्प्टर घेऊन आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांना भेटता येईल?"

पुरुषोत्तमरावांनी दोन्ही हातांनी नको नको केलं. मग टेबलाकडे सरकले, उठू गेले, हाफ पँट आठवली, बसले, आणि अखेर स्टूल बुडाखाली धरून तसेच सरपटत कॅमेऱ्यासमोर आले. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. "अरे, फादर! मेसबद्दल विचारणारे! तर शिबिर तुम्ही चालवणार. याआधी दिग्दर्शन केलंय?"

समोर एकच डोकं होतं, पाचशे नव्हती. तरी ओळ गेली. पुरुषोत्तमराव पडद्याकडे बघत राहिले, मग छताकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे. शेजारून, ओठ न हलवता, आवाज आला.

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं," पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि पुढचं त्यांचं त्यांना सुचलं, "अकरा वर्षं मी विंगेतून बघतोय. कोण कुठे विसरणार हे मला तिच्याही आधी कळतं. दिग्दर्शन मला येत नाही. पण मुलं मला पाठ आहेत."

बाईंनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलेलं दोघांनी पाहिलं.

वल्लरीने लॅपटॉप बंद केला. मग पुरुषोत्तमरावांनी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी बोलली का नाहीस?"

"त्या वर्षी तू रिटायर झालास, बाबा. मार्चपासून दर दोन दिवसांनी फोन करायचास. यंदा कुठलं नाटक, पुस्तक कधी देतेस, टायपिंगला घेऊ का. मी कशी सांगणार होते?" तिने नाक पुसलं. "पण तू खरंच करशील? मुलांसमोर उभा राहशील? यू डोन्ट हॅव टू."

"दिलेली ओळ परत घेता येत नसते," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी तक्ता उघडला, धुराचा रकाना काढून टाकला आणि अंतराच्या चाळीसचं शून्य केलं. शोभाताई मागे उभ्या राहून बघत होत्या. बेरीज होऊन ओरेगॉन पहिलं आलं.

"शून्य नको हो," त्या म्हणाल्या. "दोन ठेवा. गाडीच्या रंगाइतकं तरी असू दे."

त्यांनी दोन ठेवले. तरी ओरेगॉनच पहिलं आलं. प्रवेशाचं पत्र आलं एप्रिलमध्ये.

जूनच्या शेवटच्या शनिवारी वल्लरीला विमानतळावर सोडलं. विमान चुकायला नको म्हणून पुरुषोत्तमराव चार तास आधी घेऊन गेले, हे सांगायला नकोच. सोमवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या हॉलमध्ये सोळा मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. नारळ बाहेर कठड्यावर फुटला होता. शोभाताई नवा गुडघा पुढे करून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, कारण मदतीला येते असं त्यांनीच आपणहून सांगितलं होतं. मुलं वाट बघत होती. स्टेज रिकामं होतं.

दिग्दर्शक विंगेत उभे होते. पुस्तक छातीशी धरून, पडद्याच्या कडेला, अकरा वर्षांच्या जागेवर. आपण चुकीच्या ठिकाणी उभे आहोत हे त्यांना कळत होतं, पण पाय उचलत नव्हते.

शोभाताईंनी थोडा वेळ वाट पाहिली. डोळे जागेवर आहेत का ते पाहिलं. मग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, कारण कुजबुजणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, त्या म्हणाल्या,

"अहो, या!"

पुरुषोत्तमराव आले. स्टेजच्या मधोमध उभे राहिले. स्वागताचं भाषण त्यांनी तीन दिवस पाठ केलं होतं, वीस पॉइंटात, आणि त्यातला एक शब्द आठवत नव्हता. समोर सोळा चेहरे. त्यांनी तोंड उघडलं, आणि चव्वेचाळीस वर्षं आत अडकून बसलेलं वाक्य खणखणीत बाहेर पडलं.

"साहेब, तार आलीये!"

हॉल घुमला. पुरुषोत्तमराव स्वतःच दचकले. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पुढे बसलेल्या नऊ वर्षांच्या आन्याने हात वर केला.

"आजोबा, व्हॉट्स अ तार?"

"तार म्हणजे..." पुरुषोत्तमराव खाली बसले, मुलांच्या समोर, मांडी घालून. "आधी असं होतं की घरातलं कोणी लांब गेलं की पोचल्यावर कागदावर चार शब्द लिहून पाठवायचं. पोस्टमन आणायचा. मी पोस्टमन होतो."

"फॉर रिअल?"

"एकदाच. पण मी तार दिलीच नाही. तशीच घेऊन पळालो."

मुलं खदखदून हसली. आन्या मात्र हसली नाही. तिला गोष्ट पुरी हवी होती.

"मग त्यात काय लिहिलं होतं?"

पुरुषोत्तमरावांनी खिशातून फोन काढला. ओरेगॉनहून काल आलेला मेसेज त्यांनी सकाळपासून सात वेळा वाचला होता. वल्लरीने तो रोमन लिपीत पाठवला होता, आणि बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरांत. त्यांनी तो मुलांसमोर धरला. रोमन लिपीतल्या मराठीला सरावलेली सोळा मुलं एका सुरात, मोठमोठ्याने वाचू लागली.

"सुखरूप पोचले. काळजी नसावी."